खाडीकाठचं सीहॉक : भंगारापासून छपरापर्यंत

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातलं आहे. गाव, संस्था आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. विमानाचा प्रकार मात्र सांगायलाच हवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्या बांधणीवर अडला किंवा सुटला. जुनं विमान, जुनी बोट किंवा जुनं इंजिन वाचवायला निघालेली मंडळं कोकणात आणखीही आहेत. त्यांच्या हाती काहीतरी कामाचं पडावं म्हणून हे सविस्तर मांडलं आहे.

## पार्श्वभूमी

हॉकर सीहॉक हे विमानवाहू नौकेवरून उडणारं, एका वैमानिकाचं ब्रिटिश जेट. त्याचा मूळ नमुना १९४७ मध्ये उडाला. भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’ तुकडीकडे ही विमानं होती. १८ मे १९६१ रोजी विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवर पहिलं जेट उतरलं ते सीहॉकच. ते उतरवणारे लेफ्टनंट तहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये विक्रांतवरून उडालेल्या सीहॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. १९८३ मध्ये सीहॅरिअर ही नवी जेट विमानं आली आणि सीहॉकचं काम संपलं. त्यानंतर काही विमानं संग्रहालयांत गेली, तर काही तळांच्या दारांशी उभी राहिली. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक आजही पाहायला मिळतं.

बांधणीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली मापांची. लांबी १२.१ मीटर, पंख पसरलेले असताना रुंदी ११.९ मीटर, पंख वर दुमडले की साधारण ४ मीटर. रिकामं वजन सव्वाचार टनांच्या आसपास. दुसरी इंजिनाची. रोल्स-रॉईस नीन हे तेच इंजिन, जे ब्रिटनने सोव्हिएत रशियाला विकलं आणि ज्याची नक्कल त्यांच्या मिग-१५ या लढाऊ विमानात बसली. सीहॉकमध्ये नीनचा झोत शेपटीच्या टोकातून निघत नाही. तो दुभंगून दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळामागून बाहेर पडतो, आणि हवाही पंखांच्या मुळांशीच आत शिरते. म्हणजे अंगाला चार मोठी तोंडं. उघड्यावर उभ्या विमानात पाला, माती आणि पाणी याच तोंडांतून शिरतं.

आमचं विमान एका खाजगी तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात बरीच वर्षं उभं होतं. मुलांना शिकवण्यासाठी आणि दर्शनी शोभेसाठी ते मिळालेलं. पुढे संस्था बंद पडली आणि आवारात रान माजलं. गावातली मुलं विमानात चढून कॉकपिटमध्ये बसायची. एका गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांना कळलं की जागेचा व्यवहार ठरतोय आणि विमानाचा भाव भंगारवाल्याने किलोवर लावलाय. विक्रांत भंगारात निघाल्याची जखम इथे ताजी होती. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी नौदलात गेलेला आहे. त्याच आठवड्यात देवळाच्या सभामंडपात बैठक झाली आणि एक गट उभा राहिला. त्यात नौदलात एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं, काम केलेले एक निवृत्त गृहस्थ होते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. शिवाय होड्या बांधणारे दोन सुतार, एक फॅब्रिकेशनवाला, मुंबईत नोकरी करणारी काही मुलंमुली आणि मी.

## अडचण

पहिला प्रश्न मालकीचा. हे विमान संस्थेचं नव्हतं. फाइलमधल्या जुन्या पत्रात ते प्रदर्शनासाठी दिल्याचं आणि परवानगीशिवाय विकता किंवा हलवता येणार नसल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. भंगाराचा व्यवहार त्या एका कागदावर थांबला. पण त्याच कागदाने आमचेही हात बांधले. पुरावशेषांच्या कायद्याचा आधार घ्यावा असं काहींना वाटलं. मात्र १९७२ च्या त्या कायद्यानुसार वस्तू पुरावशेष ठरायला साधारणपणे १०० वर्षं व्हावी लागतात. पन्नाशीच्या दशकातल्या विमानाला त्यातून काही संरक्षण मिळत नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा. आवाराकडे येणाऱ्या रस्त्यावर एक अरुंद साकव, म्हणजे छोटा पूल, आहे. त्यावरून टेम्पो जातो, हायड्रा क्रेन जात नाही. पुढे दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि लागून घरं. चार मीटर रुंदीची वस्तू त्या वाटेने निघणार नव्हती.

तिसरा प्रश्न विमानाच्या प्रकृतीचा. लांबून ते ठीक दिसायचं. नानांनी डाव्या बाजूच्या हवेच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि ओला, कुजलेला पाला ओंजळीने बाहेर काढायला सुरुवात केली. त्याखाली जांभ्याच्या तांबड्या मातीचा थर होता. तो खरवडल्यावर ॲल्युमिनियमचे पापुद्रे सुटून आले, राखाडी-पांढरे, नखाने उचलता येतील असे. पोटाखालची पाणी निघायची भोकं कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यांनी बुजली होती. पाण्याला वाट नव्हती, म्हणून ते आतच मुरत राहिलं.

इथे थोडं रसायन समजून घ्यावं लागतं. विमानाचा पत्रा तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो ताकदवान असतो, पण मिठापुढे हळवा. म्हणून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा दिलेला असतो. ओरखडा मुलाम्याच्या पार गेला की गंज थरांच्या मधून पसरतो. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक काळ त्याहून दमट असते. म्हणजे पाऊस अंगावर पडो न पडो, पत्र्यावर बसलेलं मीठ चार महिने ओलं राहून काम करत असतं.

आणि चौथा प्रश्न वेळेचा. जागेचा नवा मालक समंजस निघाला, पण त्याने मे अखेरची मुदत घातली.

## समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय भंगारवाल्यानेच सुचवला होता : गॅस कटरने पंख मुळापाशी कापायचे, धड ट्रॉलीवर घालायचं आणि नंतर वेल्डिंगने जोडायचं. गटातल्या दोघांना तो पटलाही होता. नानांनी एका वाक्यात नकार दिला. पंखाचा मुख्य आडवा कणा कापला की तो पुन्हा तसा होत नाही, आणि या मिश्रधातूला वेल्डिंग चालत नाही, तिथे रिव्हेटच लागतात.

दुसरा पर्याय, आहे तिथेच छप्पर घालून जपायचं. विमानाच्या दृष्टीने हाच सर्वांत चांगला होता, कारण हलवण्याचा धोकाच नव्हता. पण जागा आमची नव्हती, आणि खाडीलगत असल्याने किनारा नियमन क्षेत्राच्या परवानग्याही लागल्या असत्या.

तिसरा, बाहेरचे पंख बिजागरीपाशी नीट खोलून धड रस्त्याने न्यायचं. पण पंख काढले तरी मधला भाग धडाशी एकजीव असल्याने रुंदी चार मीटरच राहते. गडगे पाडले तरी साकव अडणार होता.

चौथा, खाडी. आवाराच्या टोकाला एक जुना, वापरात नसलेला चिऱ्यांचा धक्का होता. तिथून बार्जवर चढवून पलीकडच्या बंदरावर उतरवायचं, तिथून ट्रेलरने तालुक्यातल्या महाविद्यालयात. धक्क्याच्या एका बाजूला कांदळवन होतं. कोणीतरी म्हणालं, थोडी झाडं छाटली तर बार्ज सरळ लागेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर राज्यात न्यायालयाच्या परवानगीशिवाय कांदळवनाला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. बार्ज तिरका लावायचं ठरलं. विमानासाठी खाडीचं नुकसान करायला गटातलं कोणीच तयार नव्हतं, हे मला इथे नोंदवावंसं वाटतं.

आम्ही चौथा पर्याय घेतला. तो घेताना महाविद्यालयाची तोंडी संमती होती. छप्पर अजून कागदावरच होतं.

## आधी सीट

कामाची पहिली पायरी बहुतेकांना अनपेक्षित होती. नानांनी कॉकपिटला दोर बांधून कुलूप घातलं. सीहॉकमध्ये मार्टिन-बेकर कंपनीची, वैमानिकाला काडतुसाच्या जोरावर बाहेर फेकणारी सीट असते. ती निकामी केल्याचा कागद फाइलमध्ये सापडेना. मुलं इतकी वर्षं तिच्यावर बसत आली, काही झालं नाही, असं एकाने म्हणताच नाना म्हणाले, “कागद नाय तवसर सीट जिवंतच समजूची.”

आम्ही नौदलाला मालकी आणि स्थलांतराबद्दल जे पत्र लिहिलं, त्यातच सीट तपासून देण्याची विनंती घातली. तपासणीला जाणकार माणसं आली. मुख्य काडतूस पूर्वीच काढलेलं होतं. लहान पॅराशूट ओढून काढणाऱ्या ड्रोग गनची नोंद मात्र कुठेच नव्हती. ती उघडल्यावर रिकामी निघाली. निकाल चांगला लागला म्हणून काळजी फुकट होती असं कोणी समजू नये. तो कागद हाती आल्यावरच दोर सुटला.

कॉकपिटमध्ये आणखी एक गोष्ट होती. त्या काळातल्या घड्याळी तबकड्यांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमचा रंग वापरत. तो आता चमकत नाही, कारण चमक देणारं रसायन संपतं. रेडियम संपत नाही. त्याचं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं आहे. तबकड्यांच्या काचा उघडायच्या नाहीत, रंग खरवडायचा नाही, कोणीही आठवण म्हणून एखादी घरी न्यायची नाही, असं ठरलं. मोजमाप करू शकणारी व्यक्ती येईपर्यंत सगळ्या तबकड्या जागच्या जागी राहिल्या.

## खाडीतून

स्थलांतराची लेखी परवानगी मे महिन्यात आली. हाताशी थोडेच दिवस उरले.

चाकांचे टायर सुकून फुटले होते आणि बेअरिंगं जाम होती. म्हणून विमान चाकांवर ओढायचं नाही असं ठरवून सुतारांनी ऐनाच्या ओंडक्यांचा पाळणा बांधला. लोखंडी चॅनल आणि विमानाचं अंग यांच्यामध्ये सगळीकडे लाकूड आणि रबर. दोन वेगळे धातू खारट ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम आधी जातं. आधार द्यायचा तो फक्त आतल्या चौकटी जिथे आहेत तिथे, मधल्या पत्र्याला कुठेही नाही. बाहेरचे पंख खोलले. बिजागरीचे बोल्ट सैल करायला भेदक तेल, हलकी ठोक आणि पुष्कळ धीर लागला. एक बोल्ट हटेना, तेव्हा ग्राइंडर आणायचा मोह झाला. नानांनी तो बोल्ट तेलात मुरायला ठेवून सगळ्यांना जेवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो फिरला.

चेनपुलीने विमान उचलून पाळण्यावर घेतलं आणि पाळणा ओंडक्यांवरून धक्क्याकडे ओढला. ओढायला रापणकर आले. वाळूवरून जाळं एकतालाने ओढणारी ही माणसं. कुठे जोर लावायचा आणि कुठे दोर ढिला सोडायचा हे त्यांना कोणी सांगायला लागलं नाही. पुढे ओढणारे जितके, तितकेच मागे धरून ठेवणारे होते. उतारावर त्याचं महत्त्व कळलं.

दिवस निवडण्याचा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो, आणि तो तांडेलांचा, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाचा, होता. आमचं म्हणणं सरळ होतं : उधाणाला पाणी जास्त, म्हणून अमावास्येनंतरचं मोठ्यात मोठं पाणी धरू. तांडेलांनी मान हलवली. त्यांनी अमावास्येच्या आधीचा, पाणी रोज चढत जाण्याचा दिवस धरला. “आज अडाकला तर उद्या पाणी वाढतला, आपसूक सुटतला. सरत्या पाण्यात अडाकला तर पंदरा दिस थंयच.” बार्ज खरोखरच धक्क्यापासून थोड्या अंतरावर चिखलात बसला. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला सुटला. मोठ्यात मोठं पाणी धरलं असतं, तर विमान पुढच्या उधाणापर्यंत उघड्या खाडीत राहिलं असतं, आणि तोवर पाऊस गाठणार होता.

पलीकडे उतरवताना एक पट्टा अर्धा हात सरकला आणि शेपटीच्या बाजूला पत्र्यावर पोचा पडला. पट्ट्यांच्या जागा रंगाने आखलेल्या होत्या, पण संध्याकाळच्या घाईत शेवटचा पट्टा डोळ्यांच्या अंदाजाने लागला. तो पोचा अजून आहे.

## पहिला पावसाळा

महाविद्यालयाच्या मैदानाच्या कडेला विमान पोचलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं. छपराचे खांबही उभे नव्हते. निर्णय एका संध्याकाळी झाला : निळी ताडपत्री घालायची, चारी बाजूंनी घट्ट बांधायची.

त्या क्षणी दुसरं काही सुचणं कठीण होतं. पण या निर्णयाचे दोन दोष स्पष्ट आहेत. विमानाला गोड्या पाण्याची आंघोळ न घालताच झाकलं. खाडीच्या प्रवासात अंगावर बसलेलं मीठ तसंच आत राहिलं. आणि घट्ट ताडपत्रीखाली वारा फिरेना. दिवसा ऊन पडलं की आतून वाफ धरायची, रात्री तीच थेंबांनी पत्र्यावर उतरायची. गणपतीत ताडपत्री काढली तेव्हा पंखांच्या मुळाशी पांढऱ्या भुकटीचे नवे ठिपके दिसले. आधीच्या कित्येक उघड्या पावसाळ्यांनी त्या जागी जेवढं केलं नव्हतं, तेवढं एका झाकलेल्या पावसाळ्याने केलं, हे नानांचं मत. जुन्या फोटोंशी ताडून पाहता ते मला बरोबर वाटतं.

उपाय महाविद्यालयाच्या शिपायांच्या आईने सुचवला. “प्लास्टिकात घालशात तर कुजतला. झापां घाला, वारो लागांदे.” माडाच्या झावळ्या विणून केलेली झापं आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी पडवीला बांधतात. पावसाची झड अडते आणि वारा खेळता राहतो. आम्ही बांबूचा सांगाडा उभारून वर पत्रे आणि बाजूंना झापं घातली. त्याआधी विमान गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतलं. खाली निथळणारं पाणी चाचणी पट्टीवर तपासायचं, क्षार दिसेनासे होईपर्यंत थांबायचं नाही, अशी पद्धत ठरवली. विज्ञान शाखेच्या मुलांनी नोंदवही ठेवली. पुढच्या पावसाळ्यात नवे ठिपके जवळजवळ आले नाहीत. पक्कं छप्पर त्यानंतर झालं. चारी बाजूंनी उघडं, वळचण भरपूर खाली आणलेलं, जोत्याला चिरे.

## रंगाचा प्रश्न

वर्गणी देणाऱ्यांना चकचकीत विमान हवं होतं. २६ जानेवारीपर्यंत रंगवून द्या, आम्ही रंगाचा खर्च करतो, अशीही तयारी एकाने दाखवली. गटातली तरुण मुलंही त्याच बाजूची होती, आणि ते स्वाभाविक आहे. महिनोन्महिने घासूनपुसून विमान जसंच्या तसं मळकट दिसत होतं.

अडचण दोन बाजूंची होती. जुन्या विमानांच्या रंगाखाली हिरवट-पिवळा झिंक क्रोमेटचा थर असतो. तो गंज रोखतो, पण त्यातलं क्रोमियम श्वासातून गेलं तर कर्करोगाचा धोका असतो. त्यामुळे कोरडं घासणं पूर्ण बंद, ओलं घासतानाही योग्य मुखपट्टी, आणि ते पाणी बावीकडे जाऊ न देता साठवायचं. मशीन लावून चार दिवसांत रंग उडवणं शक्यच नव्हतं.

दुसरी बाजू उजव्या कुशीवर सापडली. एका विद्यार्थिनीने ओल्या कागदाने हाताच्या पंजाएवढी जागा हळूहळू घासली. करड्या रंगाखाली दुसरा करडा, त्याखाली वेगळीच छटा, आणि तिथे पुसून टाकलेल्या अक्षराची कड. भारताकडे आलेल्या सीहॉकपैकी काही नवी होती, काही ब्रिटिश नौदलाने वापरलेली आणि काही पश्चिम जर्मन नौदलाकडून आलेली. त्या थरांमध्ये विमानाचा दाखला दडलेला असू शकतो. सरसकट घासून टाकला तर तो कायमचा गेला.

बैठकीत बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की शाबूत रंगाला हात लावायचा नाही. गंज जिथे आहे तेवढीच जागा साफ करून तिथे संरक्षक थर द्यायचा आणि जुळता रंग लावायचा. उजव्या कुशीवरची ती पंजाएवढी जागा थर दिसतील अशी उघडी ठेवायची. रंगाचा खर्च देणारे गृहस्थ नाराज झाले आणि मागे सरले. मला आजही हा निर्णय योग्य वाटतो. नवा रंग कधीही देता येतो.

## पाटीवर काय लिहायचं

गावात सगळे या विमानाला ‘एकाहत्तरचं विमान’ म्हणतात. चितगाववर बॉम्ब टाकून आलेलं हेच, असं ऐकतच मुलं मोठी झाली. वर्गणी मागताना आमच्यापैकी काहींनीही तेच सांगितलं होतं.

कॉकपिट साफ करताना निर्मात्याची पाटी सापडली. तिच्यावरचा क्रमांक आणि शेपटीवर रंगवलेला क्रमांक जुळेना. आणखी तपासल्यावर मागचं धड आणि पुढचं धड वेगवेगळ्या विमानांचं असावं असं दिसलं. निवृत्त विमान प्रदर्शनासाठी उभं करताना दोन सांगाड्यांतले चांगले भाग जोडणं नवं नाही. पण मग १९७१ मध्ये यातला कुठला भाग कुठे होता, हे छातीठोकपणे कोण सांगणार?

काहींचं म्हणणं, लोकांची भावना आहे, पाटीवर १९७१ राहू द्या, त्यात कोणाचं नुकसान नाही. नाना या एका मुद्द्यावर चिडले. त्यांच्या मते नुकसान होतं ते त्या दिवशी खरोखर उडालेल्या माणसांचं. त्यांच्या विमानांचे क्रमांक नोंदींत आहेत, तो मान दुसऱ्या कुठल्या पत्र्याला देणं बरोबर नाही. मी नानांच्या बाजूने होतो. पाटीवर सीहॉकचा इतिहास आला, विक्रांतवरचं पहिलं उतरणं आणि १९७१ ची मोहीमही आली, पण या प्रकाराच्या विमानांची कामगिरी म्हणून. या विशिष्ट सांगाड्याबद्दल एवढंच लिहिलं की ते दोन विमानांच्या भागांतून उभं केलेलं दिसतं आणि निर्मात्याच्या पाटीवरचा क्रमांक हा. वर्गणीदारांना पत्र पाठवून हे कळवलं. दोघांनी पैसे परत मागितले, ते दिले. बाकीच्यांपैकी एका वृद्ध माजी नौसैनिकांनी पत्राला उत्तर म्हणून आपल्या जवळचे सीहॉकच्या देखभालीचे जुने फोटो पाठवले. पंखाच्या बिजागरीची मूळ मांडणी आम्हाला त्यातूनच कळली.

## निष्पत्ती

विमान आज छपराखाली आहे. बाहेरचे पंख जोडले आहेत, पण दुमडलेल्या स्थितीतच. डाव्या पंखाच्या मुळाशी पापुद्रे सुटलेले आहेत आणि पसरलेल्या पंखाचा भार तो जोड घेईल याची खात्री नाही. खाली आधाराचे दोन लोखंडी घोडे आहेत, लाकूड आणि रबर मध्ये घालून. चारही तोंडांना जाळ्या बसवल्या आहेत, पाणी निघायची भोकं दर महिन्याला तपासली जातात. कॉकपिटमध्ये कोणाला बसू देत नाही. बाजूला पायऱ्यांचा मंच आहे, तिथून आत डोकावता येतं. रेडियमच्या तबकड्या जागेवरच आहेत, त्यांचं मोजमाप झालेलं आहे आणि तशी सूचना लावली आहे. हे विमान उडणार नाही, आणि तसा विचारही कधी नव्हता.

काम करणारे हात मात्र कमी झाले. चाकरमानी मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला येतात, गंजाला सुट्टी नसते. वर्षभराचं काम खरं तर महाविद्यालयातली मुलं करतात, आणि दर वर्षी त्यातली अर्धी बाहेर पडतात.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट क्रमाची. छप्पर उभं राहण्याआधी विमान हलवायला नको होतं. जागेचा मालक समंजस होता. मे अखेरची मुदत आम्ही निमूट मान्य केली, एक पावसाळा मागून पाहिला नाही. तो मिळाला असता तर विमान आहे तिथे धुऊन, भोकं मोकळी करून, झापांखाली ठेवता आलं असतं आणि दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, सावकाश हललं असतं. डाव्या पंखाचं आजचं दुखणं बऱ्याच अंशी त्या एका पावसाळ्यातलं आहे.

बार्जवरून उतरताच गोड्या पाण्याचा टँकर तयार हवा होता. दिवसभराच्या दमल्या अंगाने रात्री आठ वाजता कोणाला ते सुचत नाही, म्हणून ते आधीच ठरवून एका माणसाच्या गळ्यात घालायला हवं. शेवटच्या पट्ट्याचंही तेच. उजेड गेला की उचल थांबवायची, असा नियम आधी ठरला असता तर तो पोचा टळला असता.

१९७१ चा उल्लेख वर्गणीच्या पत्रकात निर्मात्याची पाटी तपासण्याआधी गेला. क्रमांकाची पडताळणी हे पहिल्या आठवड्याचं काम आहे, पत्रक त्यानंतरचं.

रंगाबद्दलचा वाद लवकर झाला असता तर बरं. ‘पुनरुज्जीवन’ म्हणजे चकचकीत विमान असं एकाच्या मनात, तर आहे ते टिकवणं असं दुसऱ्याच्या. दोघे वर्षभर शेजारी शेजारी काम करत राहिले आणि फरक उघड झाला तो रंगाच्या डब्यापाशी. पहिल्याच बैठकीत एका कागदावर हे उतरलं असतं तर ते नाराज गृहस्थ कदाचित छपरासाठी तरी पैसे देते.

महाविद्यालयाशी लेखी करार खूप उशिरा झाला. मधल्या काळात प्राचार्या बदलल्या. नव्या मॅडमना विमान कोणाचं, विजेचं बिल कोणी भरायचं, कोणाला लागलं तर जबाबदारी कोणाची, यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी स्वतःहून बैठक बोलावली म्हणून निभावलं. आता करारात चार गोष्टी आहेत : मालकी नौदलाकडेच, देखभालीची नोंदवही महाविद्यालयाच्या दप्तरात, दर एप्रिलमध्ये पावसाळापूर्व तपासणी, आणि गटाकडून किंवा महाविद्यालयाकडून काम होईनासं झालं तर कोणाला, किती दिवस आधी कळवायचं. चौथं कलम लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि नव्या मंडळांनी तेच आधी लिहावं असं मी सुचवेन.